शांत भाडं

निनाद खांबेटेला एखादी वस्तू स्वस्तात मिळाली की ती वापरण्यापेक्षा ती कशी मिळवली हे सांगण्यातच जास्त आनंद वाटे. नाशिकला सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात तो खरेदी खात्याचा प्रमुख होता. त्याच्यासमोर बसलेला पुरवठादार शेवटी स्वतःहून भाव उतरवतो आणि हात जोडतो, अशी त्याची ख्याती होती. असलं कसब माणसाने संध्याकाळी ऑफिसच्या खणात ठेवून घरी यावं. निनाद ते रोज घरी आणत असे, आणि आता तर त्याने ते थेट टास्मानियात आणलं होतं.

सहल मे महिन्यातली ठरली, कारण तिथे तेव्हा थंडी सुरू होते आणि शहाणी माणसं तिकडे फिरकत नाहीत. विमानतळावर गाडी भाड्याने घेतली तर अधिभार पडतो, म्हणून चौघांनी बॅगा-बोचक्यांसह बस धरून होबार्ट शहर गाठलं. बसमध्ये त्याची आई, वैजयंतीबाई, गुडघा चोळत म्हणाली, "गाडी घ्यायला बसने जायचं! उद्या कुणी जेवायला बोलावलं तर घरून जेवूनच निघू रे."

"आई, तेवढ्यात आपलं एक दिवसाचं जेवण सुटलं," निनाद म्हणाला.

त्याची बायको केतकी मांडीवरची बॅग सांभाळत बसली होती. ती एका सहकारी बँकेच्या शाखेची व्यवस्थापक होती. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून तिला कमी बोलायची सवय लागली असावी, अशी निदान निनादची समजूत होती. मुलगी ओवी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, खिडकीला नाक लावून बसली होती.

गाडीचा अभ्यास निनादने दिवाळीपासून चालवला होता. आपोआप चालणाऱ्या गाड्या एव्हाना जगभर झाल्या होत्या, पण टास्मानियाच्या डोंगराळ रस्त्यांवर त्यांचं भाडं ऐकूनच घाम फुटावा. स्वतः चालवायची गाडी त्या मानाने परवडे, आणि त्यातही होबार्टच्या एका कंपनीने नवी योजना काढली होती. गाडीतली माणसं जितकी शांत, तितकं भाडं कमी. कंपनीच्या मराठी पानावर तिला 'शांत भाडं' असं साधं नाव दिलेलं होतं. त्यावर निनादने आपली एक युक्ती चढवली. बायका गाडी सांभाळून चालवतात म्हणून मुख्य चालक बाई असेल तर विम्यात आणखी सूट होती, आणि तिचा नवरा दुसरा चालक म्हणून फुकटात चालत होता. परवाना दोघांकडेही होता. निनादने मुख्य चालक म्हणून केतकीचं नाव घातलं.

"कागदावर तू, गाडीवर मी," तो म्हणाला.

"मग मीच चालवते की."

"अनोळखी रस्ते, त्यात घाट. राहू दे. त्यांच्या आवारातून बाहेर पडेपर्यंत चालव, म्हणजे झालं."

कंपनीच्या आवारात एका पोरसवद्या मुलीने चौघांना गाडीत बसवलं आणि थोडा वेळ गप्प बसायला सांगितलं. गाडी ओळख करून घेत होती. स्टिअरिंगवर केतकी, तिच्या डाव्या हाताला निनाद, मागे आई आणि ओवी. समोरच्या पडद्यावर चार नावं आली, प्रत्येक नावाशेजारी एक हिरवी रेघ सरपटू लागली. मग केतकीने जपून गाडी बाहेर काढली. पहिलंच वळण घेऊन ती एका चर्चसमोर थांबली आणि नवरा-बायकोने जागा बदलल्या. पडद्यावर शुद्ध मराठीत प्रश्न उमटला, "सर्व प्रवासी आपापल्या जागी आहेत का?"

"बसलोय की सगळे पट्टे लावून," म्हणत निनादने 'हो' दाबलं.

या गाडीविषयी इथे थोडं सांगायला हवं. विमा कंपन्यांनी लाखो अपघातांची माहिती चाळली होती, तेव्हा त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. ओला रस्ता, धुकं, वेग ही कारणं होतीच, पण पुष्कळदा खरं कारण गाडीच्या आतच बसलेलं असे. कुणी टोचून बोललं, कुणी रडू दाबलं, की पुढच्या काही मिनिटांत चालकाच्या हातून चुका होत. म्हणजे गाडीच्या आतला ताण मोजला पाहिजे. भाड्याच्या गाडीत कॅमेरा किंवा माइक लावायला कायद्याने बंदी होती. मग त्यांनी प्रत्येक सीटच्या पाठीत नखाएवढं रडार बसवलं.

ते अगदी आखूड रेडिओलहरी सोडतं. श्वासाने छाती हलते, तशी हृदयाच्या ठोक्यानेही हलते, पण केसाच्या दोन-चार जाडींइतकीच. परत येणाऱ्या लहरीत तेवढा फरक पडतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं. गंमत अशी, की शांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेताना ते किंचित घाई करतं, सोडताना किंचित रेंगाळतं. मनात भीती किंवा राग आला की ही मोकळीक संपते. ठोके जलद होतात आणि कवायतीतल्या पावलांसारखे एकसारखे पडायला लागतात. मग पडद्यावरची रेघ चढते आणि लाल होते. खाली भाड्याचा आकडाही तिच्याबरोबर वर सरकतो.

निनादने हे सगळं गाडी चालवता चालवता घरच्यांना समजावून दिलं.

"म्हणजे ही गाडी आपलं बोलणं ऐकणार?" ओवीने मागून विचारलं.

"ऐकत नाही. फक्त छाती मोजते."

"ते जास्त वाईट नाही का, बाबा?"

"वाईट काय त्यात? कर नाही त्याला डर कशाला? आणि ठोका म्हणजे अंगठ्याचा ठसा. प्रत्येकाचा वेगळा. हिला कुणी फसवू शकत नाही."

पहिला दिवस तर मोठ्या कौतुकाचा गेला. उजवीकडे समुद्र, डावीकडे मेंढ्यांची कुरणं, समोर उतरत जाणारं भाडं. निनादने गाडीत काही विषयांना बंदी घातली. ओवीला मातीची भांडी घडवायचं शिक्षण घ्यायला बडोद्याला जायचं होतं, तो विषय बंद. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया बंद. नाशिकच्या पाणीपट्टीचा तर उच्चारही करायचा नाही. आईने हळू आवाजात रामरक्षा सुरू केली, तसं भाडं आणखी थोडं उतरलं.

"आई, चालू दे, चालू दे! देवाने ऐकलं बघ."

"देवाने नाही मेल्या, तुझ्या गाडीने ऐकलं," आई म्हणाली आणि रेघ न हलवता हसली.

वाटेत कुठे थांबलं की केतकी आणि ओवी कॉफी, ब्रेड, फळं असं काहीबाही घेऊन येत. निनाद शेवटी गाडीत शिरे, दार लावी, घसा खाकरे आणि पट्टा लावायच्या आधी विचारे, "कितीला पडलं?" मग दोन कॉफ्या कशाला, एकीत दोघांचं भागलं असतं, संत्री दुकानातून का, मघाशी रस्त्याकडेला स्वस्त होती, अशी उजळणी होई. केतकी उत्तरं देई. त्या वेळी पडद्यावर 'निनाद' नावाची रेघ चढत असे आणि गाडी मार्गाला लागली की हळूहळू खाली येई.

"बघा," तो एकदा कौतुकाने म्हणाला, "गाडीत बसलो रे बसलो की मी कसा सावध होतो. जबाबदार चालकाचं लक्षण आहे हे."

बिचेनो नावाचं समुद्रकाठचं गाव जवळ आलं असताना केतकीच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने तो काढून पाहिला.

"कोण?" निनादने विचारलं.

"राजदीप. शाखेतला," म्हणून तिने फोन परत ठेवला.

राजदीप खैरमोडे वर्षभरापूर्वी तिच्या शाखेत आला होता. बँकेच्या वर्धापनदिनी निनादने त्याला पाहिलं होतं. उंच, हसरा, वर गाणंही म्हणणारा. निनादला ते गाणं आठवलं, आणि त्याच क्षणी पडद्यावरची एक रेघ टुणकन वर गेली, लाल झाली. नाव होतं 'केतकी'.

त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. ती तिच्या बाजूच्या खिडकीतून मेंढ्या बघत होती. चेहरा अगदी नेहमीचा, हात मांडीवर. भाडं सव्वापट झालं होतं.

रात्रीपुरतं त्याने मनाला समजावलं, की यंत्र आहे, चुकलं असेल. पण संशय हा असा पाहुणा आहे, की एकदा दार किलकिलं दिसलं की तो चपला आत घेऊनच येतो. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या लाँसेस्टन शहरातून निघाल्यावर निनादने पुरवठादारांवर वापरायचा डाव टाकला. हवं ते सोडून भलतंच विचारायचं.

"मी काय म्हणतो, तू नसताना शाखा कोण बघतं गं? पाटणकर?"

"पाटणकर निवृत्त झाले ना."

रेघ हिरवी.

"मग तो कुलकर्णी?"

"त्यांच्याकडे कर्जविभाग आहे."

रेघ हिरवी. निनाद पडद्याकडे बघतच म्हणाला, "मग... राजदीप असेल."

रेघ सरसर चढली. 'केतकी' हे नाव लालभडक झालं.

"हो, तोच," केतकी म्हणाली. ती संत्रं सोलत होती. साल अखंड निघाली, तिने ती कागदात गुंडाळली, फोडी करून मागे सासूला दिल्या. "आई, घ्या. गोड आहेत."

बाई आतून अशी धडधडतेय आणि बोटाला साधा कंप नाही! निनादला त्या संत्र्याच्या सालीचीच भीती वाटली. वीस वर्षं हिच्याबरोबर काढली आणि ही इतकी पोचलेली आहे याचा पत्ता लागला नाही. तिच्या चेहऱ्याने त्याला आजवर फसवलं, असं त्याने ठरवून टाकलं. मग चेहऱ्याकडे बघायचंच कशाला? समोर तिचं काळीज उघडं पडलेलं असताना?

त्या दिवसापासून त्याने तिच्याकडे पाहायचं सोडलं आणि तिच्या रेघेकडे पाहायला लागला. फोन वाजला की रेघ उडे. फोन बराच वेळ वाजला नाही तरी रेघ अस्वस्थ होई. एकदा केतकी झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, आणि रेघ तांबूस. स्वप्नातही तोच येतोय की काय! निनादने ब्रेक जरा जोरात दाबला, तेव्हा कुठे ती जागी झाली.

क्रेडल माउंटन या डोंगरापाशी बर्फाची पहिली भुरभुर झाली होती. ओवी आणि आई पोरींसारख्या एकमेकींवर बर्फ उडवत होत्या. केतकी त्यांचे फोटो काढत होती. निनाद मात्र बंद गाडीच्या काळ्या पडद्याकडे काचेतून बघत उभा होता. गाडी बंद असली की रेघा दिसत नसत, आणि रेघा दिसत नसल्या की त्याला चैन पडत नसे.

"बाबा, ये ना!" ओवीने हाक मारली.

"चला, निघू या. उशीर होतोय."

"कशाला उशीर होतोय?" आईने विचारलं. तोवर तो गाडीचं दार उघडत होता.

भाडं रोज वाढत होतं. एवढे विषय बंद करून, एवढी रामरक्षा म्हणून शेवटी साध्या गाडीपेक्षा ही गाडी महाग पडायची वेळ आली. पण नवल असं, की निनादला आता त्या पैशांचं फारसं काही वाटत नव्हतं. त्याला पुरावा हवा होता. त्यासाठी तो भाव वाढवून द्यायला तयार होता, आणि असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

क्वीन्सटाउन हे खाणींचं गाव. भोवतालचे डोंगर कधीकाळी तोडून-जाळून उघडे पडलेले, तांबूस, खरबरीत. गावातून होबार्टच्या बाजूला वर चढणारा रस्ता वळणावळणांचा आहे. सकाळी निघतानाच केतकीचा फोन लागोपाठ दोनदा वाजला. तिने उत्तर टाइप केलं आणि थोडंसं हसली. पडद्यावर तिची रेघ वरच्या कडेला जाऊन भिडली. गाडीने सूचना दिली, "ताण कमी न झाल्यास शांत भाडं रद्द होईल."

निनादने वळणावरच्या एका मोकळ्या जागेत गाडी चालूच ठेवून उभी केली.

"काय झालं?" केतकीने विचारलं.

"कोण आहे हा राजदीप?"

"कोण म्हणजे? शाखेतला."

"त्याचं नाव निघालं की तुझं काळीज का उडतं?"

मागे आईची रामरक्षा थांबली. केतकी त्याच्याकडे बघत राहिली. "काय बोलतोयस तू? ओवी आहे मागे."

"असू दे. तिलाही कळू दे. गेले चार दिवस बघतोय मी. तुझ्या तोंडावरची माशी हलत नाही, आणि आत? हे बघ. तुझं नाव. लाल. मी काढलंय का हे?"

"निनाद, तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?" आई म्हणाली. "घरच्या माणसावर विश्वास नाही आणि या डबड्यावर आहे होय?"

"आई, तू मध्ये पडू नकोस. माणूस खोटं बोलतो. हे बोलत नाही."

केतकीने फोन उघडून त्याच्या हातात ठेवला. "वाच."

त्याने वाचलं. मॅडम, एसीवाला आज पण आला नाही. मॅडम, सावरगावकर आजी तुमच्याशिवाय कुणाकडे ठेवीची पावती द्यायला तयार नाहीत, म्हणतात ती पोरगी आल्यावरच येईन. या शेवटच्या निरोपाखाली केतकीने लिहिलं होतं, त्यांना चहा पाजा, ऐकतील. निनादने बोटाने आणखी वर सरकवलं, आणखी वर. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि बोट थांबत नव्हतं.

"जा अजून वर," केतकी म्हणाली. "तो रुजू झाला तिथपर्यंत आहे सगळं."

"मग छाती का धडधडते तुझी?"

"माझी नाही धडधडत."

"समोर लिहिलंय!"

"मग समोर लिहिलंय त्यालाच विचार." ती उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडलं. "उतर. मी चालवते."

"घाट आहे."

"उतर, निनाद."

तिचा आवाज चढलेला नव्हता. बँकेत एखाद्या दांडग्या कर्जदाराला ती असंच सांगत असेल. तो उतरला. ती स्टिअरिंगवर बसली, सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. पडद्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "सर्व प्रवासी आपापल्या जागी आहेत का?" केतकीने 'हो' दाबलं आणि गाडी वर काढली.

सुरुवातीला 'केतकी'ची रेघ वर होती. वळणं मागे पडली, जंगल लागलं, तशी ती उतरत उतरत हिरवी झाली. आता हलकी झाली ना, निनादच्या मनात आलं. पकडली गेली, बोलून मोकळी झाली, संपलं. आणि ते निरोप? पुसलेलेही असतील काही. राजदीपने दुसऱ्या नंबरवरून...

पडद्यावर एक रेघ उसळली. लाल. नाव होतं 'निनाद'.

त्याने त्या रेघेकडे दुर्लक्ष केलं. मग पुन्हा मनात राजदीप आला, वर्धापनदिनाचं ते गाणं आलं, आणि रेघ पुन्हा उसळली. निनादने श्वास रोखला. मुद्दाम कारखान्यातल्या तांब्याच्या तारेचे भाव आठवले. रेघ खाली बसली. मुद्दाम राजदीप आठवला. रेघ टुणकन वर. ती उडी त्याच्या ओळखीची होती. बिचेनोच्या अलीकडे पाहिलेली, लाँसेस्टनच्या रस्त्यावर पाहिलेली, केतकी झोपली असताना पाहिलेली, तीच ही उडी. फक्त तेव्हा तिच्यापुढे नाव दुसरं होतं.

गाडी माणसाला ओळखत नव्हती. ठोका, अंगठ्याचा ठसा वगैरे सगळं निनादचंच, कंपनीने तसं कुठे म्हटलंच नव्हतं. गाडी फक्त सीट ओळखत होती. त्या पहिल्या दिवशी आवारात स्टिअरिंगवर केतकी होती, म्हणून स्टिअरिंगवरचं काळीज म्हणजे केतकी. रोज सकाळी गाडी इमानदारीने विचारत होती, सगळे आपापल्या जागी आहेत का, आणि रोज सकाळी तो बिनदिक्कत हो म्हणत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायकोच्या छातीत चोर शोधता शोधता तो चार दिवस स्वतःच्याच संशयाची धडधड बघत बसला होता.

त्याला एकदम हसू आलं, सुटल्यासारखं वाटलं. ही तशी नाही. ही माझी केतकी आहे. सांगून टाकू, पाया पडू, आई शिव्या घालेल, ओवी हसेल, संपेल.

मग त्याला दुसरं काहीतरी सुचलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

लाल रेघ जर त्याची होती, तर 'निनाद' नावाची ती रेघ कुणाची होती? तो दार लावून बसला की चढणारी? घसा खाकरून त्याने "कितीला पडलं" विचारलं की वर जाणारी, आणि त्याचं लक्ष रस्त्याकडे वळलं की हळूहळू उतरणारी? जिच्याकडे बोट दाखवून त्याने घरच्यांपुढे फुशारकी मारली होती?

नाही, असं कसं असेल. योगायोग असेल. थंडी असेल. त्याने केतकीकडे पाहिलं. चार दिवसांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. कानाजवळचे दोन-चार केस पांढरे झाले होते. तिची रेघ हिरवी होती, श्वासाबरोबर सावकाश वरखाली होणारी, इतकी सुरेख की बघत राहावं.

माफी मागायची म्हणून त्याने घसा खाकरला.

रेघ चढली.

त्याने अजून एकही शब्द उच्चारला नव्हता. केतकीने मानही वळवली नव्हती. स्टिअरिंगवरचे तिचे हात तसेच स्थिर होते. आणि तिच्या नावापुढची रेघ, या वेळी खरोखर तिचीच, पायरी पायरीने वर जात होती. तो गप्प बसला. बऱ्याच वेळाने ती खाली आली. त्याने पुन्हा तोंड उघडायच्या बेताने श्वास घेतला, आणि तेवढ्या आवाजानेही ती हलली.

किती वर्षं? रोज संध्याकाळी घराची बेल वाजते, तो आत येतो, चप्पल काढतो, घसा खाकरतो आणि विचारतो, रिक्षाने का आलीस, भेंडी कितीला घेतलीस, गॅस किती दिवस पुरला. त्याला ते बोलणं वाटायचं. नवरा-बायकोचं रोजचं साधं बोलणं. ती उत्तरं द्यायची, हिशेब बरोबर असायचा, चेहरा शांत असायचा. पैसे वाचले याचा त्याला रोज आनंद व्हायचा. त्याने आजवर तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी मोठ्याने ओरडला नव्हता, आणि तरी ही बाई त्याच्या खाकरण्याला घाबरत होती. निनादला रडावंसं वाटलं. पण रडलो तर तिची रेघ आणखी चढेल, असं वाटून त्याने तेही केलं नाही.

तो गप्प राहिला. जंगल संपून उघडं माळरान लागलं. आई मागे पेंगत होती, ओवी कानात काहीतरी घालून बसली होती. पडद्यावर भाडं उतरत उतरत सहलीतल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आलं. दिवाळीपासून तो ज्या आकड्याची स्वप्नं बघत होता, तोच आकडा. तो बघवेना. त्याने हात पुढे केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं.

"योजना बंद केल्यास आतापर्यंतची संपूर्ण सूट परत घेतली जाईल. नक्की बंद करायची?"

त्याने 'हो' दाबलं. चारही रेघा गेल्या. पडदा काळा झाला.

केतकीने एकदा पडद्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. "का बंद केलंस?"

"नको होतं ते."

"आज नको झालं?" ती म्हणाली. "चार दिवस माझं नाव लाल होतं तेव्हा हवं होतं. घाटात तुझं लाल झालेलं मीही बघितलं, निनाद."

"तसं नाही. केतकी, ऐक. ते पहिल्यापासून माझंच होतं. आपण जागा बदलल्या ना, चर्चपाशी. तुझ्या नावावर मी बसलो होतो आणि माझ्या नावावर तू."

तिने गाडीचा वेग कमी केला. मग तिच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे सकाळी मला बोललास ते..."

"चुकलो. पण बंद त्यासाठी नाही केलं. मी बोलायला लागलो की तुझी रेघ चढते. मी नुसता खाकरलो तरी. आत्ता बघितलं मी. तू घाबरतेस मला." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "ते मला बघवेना, म्हणून बंद केलं."

मागे ओवीने कानातलं काढलं होतं. आईही जागी होती. केतकीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, आणि त्या काळ्या पडद्याकडे बघत विचारलं, "खरं?"

"खरं."

"दाखव."

"आता कसं दाखवू? बंद झालं ना."

"मग मी कशावरून खरं मानू?" तिने शांतपणे विचारलं.

निनादने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावरून त्याला काहीच कळेना. त्याच्याजवळ आता शब्दाशिवाय काही उरलेलं नव्हतं, आणि तिच्या शब्दाला त्याने त्याच सकाळी काय किंमत दिली होती, ते गाडीतल्या चौघांनाही माहीत होतं.